उपाहारानंतर न झालेला खेळ

सोलापुराहून हैदराबादेस जाणारा जुना हमरस्ता सोडून थोडे आत वळले म्हणजे मुरुम लागते. आणि मुरुमच्या माणसाने महाराष्ट्राच्या क्रिकेटची जुनी हकीकत सांगावयास बसावे, तर आरंभीच त्याने एक गोष्ट कबूल करणे प्राप्त आहे, ती ही की, ज्या हंगामाची ही हकीकत आहे त्या हंगामापूर्वी अवघे तीन महिने आमचे गाव निजामाच्या मुलखात होते. येथे हाली सिक्का चालत असे, साऱ्याचा हिशेब फसली सनाने होई, आणि सोलापूरच्या बाजूला जावयाचे तर करोडगिरीचे नाके ओलांडावे लागे. क्रिकेटच्या दप्तरातही सरहद्द हीच होती. सोलापूर महाराष्ट्राच्या संघाकडे, आम्ही हैदराबादच्या संघाकडे. तो संघ १९३७-३८ साली नवानगरला एका गड्याने हरवून रणजी करंडक जिंकता झाला खरा, पण त्या विजयात आमच्यासारख्या तालुक्यांचा वाटा म्हणावयाचा तर रयतेचा, म्हणजे सारा भरण्याचा.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी सेना याच हमरस्त्याने सोलापुराहून आत शिरली, नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल तिने शाबूत हस्तगत केला, आणि पाचव्या दिवशी, १७ तारखेस, निजामाने शस्त्रे खाली ठेविली. त्यानंतर जवळजवळ तीन महिन्यांनी, १६ डिसेंबर रोजी, पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र आणि काठेवाड यांच्यात रणजी करंडकाचा एक सामना सुरू झाला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध काय, असे कोणी विचारील. एका संस्थानाचे राज्य पाच दिवसांत बुडाले. दुसऱ्या एका संस्थानिकाचे राज्य आधीच विलीन झाले होते, आणि त्याच्या हाती क्रिकेटच्या संघाचे कर्णधारपद तेवढे शिल्लक राहिले होते. त्या शिल्लक राहिलेल्या सत्तेचा त्याने जो एक वापर केला, त्यामुळे कोल्हापूरच्या एका फलंदाजाचे नाव जगाच्या इतिहासात नऊ धावांनी मागे राहिले.

त्या फलंदाजाचे नाव भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर. निंबाळकर म्हटले की मराठी माणसाचे मन फलटणकडे धाव घेते; पण हे निंबाळकर कोल्हापूरचे. जन्म १२ डिसेंबर १९१९. कोल्हापूर हे कुस्तीचे गाव. तेथे शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेच्या आखाड्यात पैलवान उतरला म्हणजे सारे शहर लोटत असे, आणि पांढऱ्या पायजम्यात उन्हात दिवसभर उभे राहण्याच्या इंग्रजी खेळाचे तितके अगत्य तेथे असण्याचे कारण नव्हते. तरीही निंबाळकरांच्या घरातून दोन खेळाडू निघाले. थोरले बंधू रावसाहेब यष्टिरक्षक, १९४६ साली इंग्लंडला गेलेल्या हिंदी संघात त्यांची निवड झाली होती. धाकटे भाऊसाहेब फलंदाज, मध्यमगती गोलंदाज, आणि वेळ पडली तर यष्टीमागेही उभे राहणारे. १९३९-४० च्या हंगामात, विशीच्या उंबरठ्यावर, ते बडोद्याच्या संघातून प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये आले.

येथे त्या काळच्या क्रिकेटची व्यवस्था थोडी उलगडून सांगितली पाहिजे, कारण ती न समजता पुण्याच्या त्या दुपारचा अर्थ लागत नाही. आज खेळाडूस मंडळाचा करार असतो. त्या काळी त्यास दरबारची नोकरी असे. गायकवाड, होळकर, पतियाळा, नवानगर ही संस्थाने पूर्वी शिलेदार बाळगीत तसे आता फलंदाज बाळगू लागली होती; खेळाडूस फौजेत हुद्दा मिळे, खात्यात जागा मिळे, दरमहा तनखा मिळे, आणि बदल्यात करंडक आणून देण्याची अपेक्षा असे. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी कर्नल सी. के. नायडू यांच्या हाती संघ दिला, आणि मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड अशांना जमवून त्या संघाने १९४५-४६ पासून १९५२-५३ पर्यंतच्या आठ हंगामांत चार वेळा करंडक नेला. हैदराबादेतही पायगाहच्या नबाब मोइनुद्दौला यांच्या नावाची सुवर्णचषक स्पर्धा होती. खुद्द करंडक ज्याच्या नावाचा, तो रणजितसिंह काठेवाडातल्या नवानगरचा जामसाहेब, आणि त्याने बॅट प्रथम धरली ती राजकोटच्या राजकुमार कॉलेजात. हे राजकोट लक्षात ठेवावे.

या व्यवस्थेची निंदा करणे आज सोपे आहे, आणि तीत निंदनीय पुष्कळ होते. १९३६ साली विजयानगरमच्या महाराजकुमारांनी इंग्लंडमध्ये हिंदी संघाचे कर्णधारपद कसे चालविले हे सर्वश्रुत आहे. पण १९३२ साली पोरबंदरच्या महाराजांनी, आपल्या बॅटीची पात्रता ओळखून, लॉर्ड्सच्या पहिल्या कसोटीत नायडूंना पुढे केले, हेही त्याच व्यवस्थेत घडले. संस्थानिक कसा निघेल हे नशिबावर असे; खेळाडूच्या हाती इतकेच की, एक दरबार आटला म्हणजे दुसऱ्याकडे जावे. निंबाळकरांची कारकीर्द या दृष्टीने पाहिली तर ती एखाद्या मराठा शिलेदाराच्या रोजनाम्यासारखी दिसते. बडोदा, महाराष्ट्र, होळकर, मध्यभारत, राजस्थान, आणि शेवटी रेल्वे: सहा निशाणांखाली हा माणूस खेळला. यांतली काही निशाणे त्याने सोडली आणि काही तो त्यांच्याखाली उभा असतानाच खाली उतरली.

आता तो हंगाम. १९४८-४९ साली वेस्ट इंडीजचा संघ प्रथमच हिंदुस्थानात आला होता, आणि वृत्तपत्रांचे सारे रकाने एव्हर्टन वीक्स याच्या नावाने भरत होते. मुंबईच्या दुसऱ्या कसोटीत त्याने १९४ धावा काढल्या, पाहुण्यांनी सहा बाद ६२९ वर डाव सोडला, आणि ती कसोटी १३ डिसेंबरला संपली. तीन दिवसांनी पुण्यात रणजीचा एक प्राथमिक सामना सुरू होतो आहे, याकडे मुंबईकराचे लक्ष जावे असे काही नव्हते. पुण्याच्या प्रेक्षकांस मात्र मोठ्या धावसंख्यांची सवय होती. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोन वर्षे करंडक जिंकला होता. पुण्यातच विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या होत्या. पुण्यात शतक झाले म्हणजे लोक मान डोलावीत, द्विशतक झाले म्हणजे घरी निरोप पाठवीत, असे म्हटले तरी ते फार अतिशयोक्तीचे होणार नाही.

काठेवाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राचा पहिला गडी बाद झाल्यावर निंबाळकर आले. समोर कमल भांडारकर होते. या दोघांनी मिळून दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. दुसऱ्या गड्याच्या भागीदारीचा तो जगातला उच्चांक ठरला आणि १९७४ साली वॉरविकशायरच्या जेमसन व कन्हाय यांनी तो मोडीपर्यंत पाव शतक टिकला. भांडारकर २०५ धावा करून बाद झाले. गंमत अशी की, निंबाळकरांची अखेरची धावसंख्या आणि काठेवाडच्या साऱ्या संघाची धावसंख्या यांची वजाबाकी केली असता तीही २०५ च येते. म्हणजे भांडारकरांच्या धावा निंबाळकर जणू पदरच्या देऊ शकले असते आणि तरीही काठेवाडची बरोबरी राहिली असती.

१८ डिसेंबर, सामन्याचा तिसरा दिवस. उपाहाराची वेळ झाली तेव्हा महाराष्ट्राच्या चार बाद ८२६ धावा होत्या आणि त्यांत निंबाळकर ४४३ वर खेळत होते. आठ तास चौदा मिनिटे ते मैदानावर होते. एकोणपन्नास चौकार आणि एक षटकार मिळून २०२ धावा. उरलेल्या २४१ त्यांनी पायांनी धावून काढल्या होत्या, आणि साथीदारांच्या धावांसाठी धावले ते निराळे. हा शेवटचा आकडा मला चौकारांपेक्षा अधिक बोलका वाटतो. दांडपट्टा फिरविल्यासारखे फटके मारून हवेत नाव करणारा हा डाव नव्हता. हा मजुरीचा डाव होता, तासामागून तास, एकेक धाव वेचून साठविलेला.

आपण कोणत्या शिखराशी येऊन ठेपलो आहोत याची निंबाळकरांना स्वतःस कल्पना नव्हती; उपाहाराच्या वेळी ते कळले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. जगातली त्या वेळची सर्वांत मोठी वैयक्तिक धावसंख्या डॉन ब्रॅडमन यांची नाबाद ४५२, जानेवारी १९३० मध्ये सिडनीस क्वीन्सलँडविरुद्ध केलेली. बरोबरीस नऊ, ओलांडण्यास दहा. चारच महिन्यांपूर्वी त्याच ब्रॅडमनने ओव्हलवर आपल्या अखेरच्या कसोटी डावात शून्य काढले होते, आणि केवळ चार धावांसाठी कसोटीतील त्याची सरासरी शंभरावर पोहोचावयाची राहिली होती. १९४८ हे साल असे थोडक्यासाठी हुकण्याचेच होते की काय कोण जाणे. पण ब्रॅडमनला होलीज नावाच्या गोलंदाजाने बाद केले होते. निंबाळकरांना कोणी बाद केले नाही.

काठेवाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोर साहेब. त्यांनी महाराष्ट्राच्या कर्णधारास, राजा गोखले यांस, डाव घोषित करण्यास सांगितले. गोखल्यांनी उत्तर दिले की, उपाहारानंतर दोन षटके खेळू द्या, विक्रम होईल आणि मग डाव सोडतो. दोन षटके म्हणजे बारा चेंडू, म्हणजे आठदहा मिनिटांचे काम. ठाकोर साहेबांनी ते मान्य केले नाही. विक्रम झाला तर त्याबरोबर काठेवाडचे नावही जगाच्या पुस्तकात कायमचे बसेल, आणि ते मार खाणाऱ्याच्या रकान्यात बसेल, ही अप्रतिष्ठा त्यांस सोसवेना. काठेवाडने सामना सोडून दिला, सामान बांधले, आणि संघ स्थानकाकडे रवाना झाला. निंबाळकर ४४३ वर नाबाद राहिले. आणि अजून आहेत.

ठाकोर साहेबांवर टीका पुष्कळ झाली आहे आणि ती रास्त आहे. तरी त्या दुपारी त्यांच्या मनात काय असेल याचा थोडा विचार करावासा वाटतो. राजकोट हे लहानसे संस्थान, पण इतिहासात गाजलेले; मागल्या ठाकोर साहेबांनी प्रजेला दिलेले वचन मोडले म्हणून १९३९ साली गांधीजींनी तेथे उपोषण केले होते. १९४८ च्या फेब्रुवारीत काठेवाडातील दोनशेहून अधिक संस्थाने एकत्र करून सरदार पटेलांनी नवे राज्य स्थापन केले, आणि त्या दिवसापासून ठाकोर साहेबांच्या हुकमाला त्यांच्या स्वतःच्या राजधानीतही कायद्याचा आधार राहिला नाही. ज्या माणसाचा दरबार गेला, अखत्यार गेला, त्यास आपल्या हुकमाने अजून काही थांबू शकते असे दाखविण्याची जागा त्या वर्षात उरली होती ती एकच, पूना क्लबचे मैदान. आणि तेथे उभा होता तो कोल्हापूरच्या संस्थानी मुलखात जन्मलेला, बडोद्याच्या संघातून पुढे आलेला एक मराठा. ज्याने संस्थानिकांची मर्जी काय असते हे जवळून पाहिले होते, आणि ज्याला त्या मर्जीविरुद्ध फिर्याद करावयाची सवयही नव्हती आणि जागाही नव्हती. पंचांपुढे फिर्याद करावी तर काय म्हणून करावी? नियमाप्रमाणे प्रतिपक्षाने हार मान्य केली होती. महाराष्ट्र जिंकला होता!

याच मैदानी हंगामाची दुसरी बाजू पाहावी. या सामन्यानंतर तीनच महिन्यांनी, मार्च १९४९ मध्ये, पुण्यातच महाराष्ट्र आणि मुंबई यांचा उपांत्य सामना झाला. तो सात दिवस चालला. मुंबईने ६५१ आणि आठ बाद ७१४ केल्या, महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४. मिळून २,३७६ धावा, आणि दोन्ही बाजूंची नऊ शतके. प्रथम दर्जाच्या एका सामन्यात इतक्या धावा त्यापूर्वी किंवा त्यानंतर कोठेही झालेल्या नाहीत. मुंबई ३५४ धावांनी जिंकली, पण पराभव डोळ्यांसमोर दिसत असता महाराष्ट्राने चौथ्या डावात सहाशे चार धावा काढल्या. सात दिवस उन्हात क्षेत्ररक्षण करण्याचा धीर ज्या काळाला होता, त्याच काळाला बारा चेंडूंचा धीर झाला नाही, हे वाचताना मन क्षणभर थबकते. आणि त्या दोन्ही सामन्यांच्या दरम्यान, फेब्रुवारीत, मुंबईच्या पाचव्या कसोटीत हिंदुस्थानला विजयासाठी ३६१ धावा हव्या असता आठ बाद ३५५ झालेल्या असताना, वेळ थोडी शिल्लक असतानाच पंचांनी यष्ट्यांवरील दांड्या उचलल्या. वेस्ट इंडीजविरुद्धचा पहिला विजय सहा धावांनी राहिला. अपुरेपणा हा त्या हंगामाचा स्थायिभाव होता.

हा डाव पाहून निवड समितीने निंबाळकरांस कसोटी संघात बोलाविले असेल, असे वाचकाला वाटेल. बोलाविले नाही, त्या मालिकेत नाही, आणि पुढे कधीही नाही. १९४९-५० साली आलेल्या राष्ट्रकुल संघाविरुद्ध एका अनधिकृत कसोटीत ते खेळले, एवढीच हिंदी संघाशी त्यांची ओळख. हजारे, मोदी, फडकर, अधिकारी, उम्रीगर असे फलंदाज त्या काळी हाताशी होते हे खरे, आणि समितीचा कारभार कसा चालतो याची चर्चा तेव्हाही चहाच्या दुकानांतून होत असे. पण चारशे धावा करून ज्यास एकही कसोटी खेळावयास मिळाली नाही असा २०२२ सालापर्यंत जगात हा एकच फलंदाज होता. ब्रॅडमन, पाँसफर्ड, मॅक्लरेन, हनिफ, लारा आणि त्या पंक्तीत बसलेले इतर बहुतेक आपापल्या देशाची टोपी घालून बसले आहेत, निंबाळकर बोडके.

ब्रॅडमनने त्यांना पत्र लिहून, तुमचा डाव माझ्या डावापेक्षा सरस होता, असे कळविल्याचे सांगतात. ते खरे असो वा आदराने वाढलेले असो, निंबाळकरांच्या घरी मानाचा कागद म्हणून दाखवावे असे दरबारी सनदेच्या तोडीचे दुसरे काही आले नाही. जानेवारी १९५९ मध्ये कराचीस हनिफ मोहम्मद याने ४९९ धावा करून ब्रॅडमनला मागे टाकले. पाचशेवी धाव घेताना तो धावबाद झाला. पण निदान तो धावला तरी.

निंबाळकर मात्र खेळत राहिले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे निंबाळकर नायडूंच्या होळकर संघात गेले. होळकरांचा संघही संस्थानामागोमाग विसर्जित झाला आणि त्याचा मध्यभारत झाला. मध्यभारत राज्यच १९५६ साली नकाशावरून गेले, तोवर निंबाळकर राजस्थानकडे गेले होते. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आमचा उस्मानाबाद जिल्हा हैदराबादेतून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. राज्ये अशी मोडत आणि जुळत असता ज्यांचे तनखे संस्थानी खजिन्यातून येत त्या खेळाडूंना नवा धनी शोधणे भाग होते, आणि तो धनी सरकारच्या रूपाने उभा राहिला. १९५८-५९ साली रेल्वेचा संघ रणजी स्पर्धेत आला आणि निंबाळकर त्या संघातून खेळू लागले. दरबाराची जागा खात्याने घेतली, तनख्याची जागा पगारपत्रकाने. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत, १९६४-६५ च्या हंगामापर्यंत, ते प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळले. ऐंशी सामने, ४,८४१ धावा, सरासरी ४७.९३, बारा शतके. शिवाय अठ्ठावन्न बळी. म्हणजे एकूण धावांपैकी जवळजवळ अकरावा हिस्सा त्या एका न संपलेल्या डावातला.

मंडळाने २००२ साली त्यांस सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. ज्याच्या हाताखाली ते होळकरांकडून खेळले त्याच कर्नलच्या नावाचा. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवावा वाढदिवस उजाडण्यास एक दिवस असताना, कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले. हाही हिशेब एकाने चुकला, असे कोणी म्हणाले तर ते फार झाले म्हणून मी म्हणणार नाही.

भारतीय फलंदाजाची प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील सर्वोच्च धावसंख्या आजही तीच आहे. संजय मांजरेकर १९९०-९१ साली ३७७ पर्यंत गेला, पृथ्वी शॉ जानेवारी २०२३ मध्ये ३७९ पर्यंत. महाराष्ट्राच्या संघातून तेथवर जाण्याची एक संधी ऑक्टोबर २०१६ मध्ये आली, आणि ती हकीकत आमच्या बाजूच्या माणसाने सांगितलीच पाहिजे, कारण १९४८ साली जो संघ सोलापूरच्या सरहद्दीवर संपत होता त्यात आता मराठवाडा होता. तुळजापूरचा राजवर्धन हंगर्गेकर त्यात पुढे आला, आणि औरंगाबादचा अंकित बावणे त्यापूर्वीच आला होता. वानखेडे मैदानावर दिल्लीविरुद्ध बावणे आणि स्वप्नील गुगळे यांनी तिसऱ्या गड्यासाठी ५९४ धावांची अभेद्य भागीदारी केली. बावणे नाबाद २५८, गुगळे नाबाद ३५१. दोन बाद ६३५ वर डाव घोषित झाला. या वेळी प्रतिपक्षाने कोणतीही गाडी पकडली नव्हती. महाराष्ट्राचा कर्णधार गुगळे हाच होता, आणि ब्याण्णव धावा अलीकडे थांबून त्याने स्वतःच हात वर केला.